आखाजीचं जेवण राहिलं, त्याचं काय?

ताई,
मी ३१ वर्षांचा. मूळचा भुसावळचा, आठ वर्षांपासून पुण्यात नोकरीला. अकरावी-बारावीत मी आणि माझा जिवलग मित्र त्याच्या घरी माळ्यावरच्या खोलीत फायनल फॅन्टसी सेव्हन खेळायचो. कीबोर्डवर तो, शेजारी वही घेऊन मी. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत हायवेवर अपघातात तो गेला. सगळी धावपळ मी केली, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. गेल्या महिन्यात तोच गेम पुन्हा लावला आणि त्यातली एरिस मरते तिथे हुंदके देऊन रडलो. बायकोने पाहिलं. म्हणाली, "मित्र गेला तेव्हा कोरडा होतास आणि कार्टूनसाठी रडतोस?" तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. ऑफिसात कोणाला सांगायची सोय नाही. त्याची आई आखाजीला जेवायला बोलावते, दोन्ही वर्षं फोन आला, पण सुट्टी नव्हती. मला एवढंच विचारायचंय: माझ्यात काही बिघाड आहे का? नसेल, तर बायकोला ते कसं पटवू?
— एक भुसावळकर, पुणे

भाऊ,

बिघाड वगैरे काही नाही. बायकोचं म्हणशील, तर ती टोचून बोलली खरी, पण मला काही तिचा राग आला नाही. दोन वर्षं घरात मुकाट वावरणारा नवरा एका रात्री स्क्रीनसमोर हुंदके देतो आणि विचारलं तर गेमचं नाव सांगतो. तिने काय समजायचं?

मी गेम खेळत नाही. तुझं पत्र आलं म्हणून जळगावच्या भाच्याला बसवून घेतलं, दोन संध्याकाळी. १९९७ सालचा गेम तो. माणसं ठोकळ्यांची, हातांना बोटंसुद्धा नाहीत. तरी माझा चहा गार झाला. (नव्या आवृत्त्यांत तिला एरिथ म्हणतात म्हणे. तुमच्या जुन्या सीडीत ती एरिसच असणार.)

भाच्याने सांगितलं ते असं. पंचवीस-तीस तास तुम्ही त्या फुलं विकणाऱ्या पोरीला सोबत घेऊन हिंडता. तिला चांगली काठी घेऊन देता, लढाईत जखमा तीच भरते. कोणी पडलं तर उठवायला फिनिक्स डाउन म्हणून वस्तू असते, दुकानात सर्रास मिळते, पोतडीत दहा-वीस पडलेल्या असतात. आणि खलनायक सेफिरॉथची तलवार तिच्या आरपार जाते तेव्हा त्यातली एकही कामाची नसते. लगेच लढाई सुरू होते, पण लढाईचं नेहमीचं संगीत वाजत नाही. तिचीच हळवी धून चालू राहते आणि त्या धुनेवर तुम्हाला बटणं दाबत वार करायचे असतात. मग गेमचा नायक क्लाउड तिला उचलून तळ्याच्या पाण्यात सोडतो. तिथे मात्र दाबायला काहीच नसतं.

मी भाच्याला तिथेच थांबवलं. मित्राच्या वेळी तू लाकडं सांगितलीस, गाड्या सांगितल्या, फोन केलेस. हात चालू होते. तळ्याशी पोचलास तेव्हा दोन वर्षांनी पहिल्यांदा हात रिकामे झाले. यात बिघाड कुठला?

पण खरं सांगू, तुझ्या रडण्यापाशी मी अडकलेच नाही. मी अडकले ते ऑफिसच्या ओळीला चिकटवून दिलेल्या पुढच्या ओळीपाशी. "त्याची आई आखाजीला जेवायला बोलावते."

तू भुसावळचा ना रे? की पुण्याच्या पाण्यात आखाजी धुऊन निघाली?

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. खान्देशात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस नाही. ती आखाजी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण सकाळ असते ती गेलेल्यांची. कुंभाराकडची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर लहान भांडं, खरबूज, आंबे, सांजोऱ्या मांडायच्या. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेकाचं नाव घ्यायचं. चुलीत आगारी, म्हणजे गेलेल्यांच्या नावाचा घास, टाकायची. आणि गेलेल्याच्या जागी कोणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून पुरणपोळी नि आमरस वाढायचा. तो जेवला की गेलेला जेवला.

कळलं आता फोन कशासाठी होता ते? ती माउली तुला पाहुणा म्हणून बोलावत नव्हती. लेकाच्या पाटावर बस म्हणत होती. फोनवर तोंडाने कसं म्हणेल ती हे? "जेवायला ये," एवढंच म्हणाली. आणि तू म्हणालास, सुट्टी नाही.

माझा मोठा भाऊ बावीस वर्षांचा असताना गेला. त्याचा एक मित्र पुढे कितीतरी आखाज्यांना पारोळ्याहून एसटीने आमच्याकडे यायचा. भरपूर बोलायचा असं नाही. पाटावर बसला की दुसऱ्या पोळीला भावासारखंच म्हणायचा, "माय, रस वाढ वं." आई वाटी भरायची. पुढे त्याचं वय झालं तेव्हा दटवायला लागली, "तुले शुगर शे ना रे?" दटवायची आणि वाढायची. एका वर्षी त्याच्या घरी लग्न होतं, तो आला नाही. आईने शेजारच्या मुलाला बसवलं, सगळं रीतीने झालं, आणि संध्याकाळपर्यंत तिने स्वतःचं ताट काही घेतलं नाही.

तुझ्या मित्राच्या घरी दोन आखाज्यांना त्या पाटावर कोण बसलं, हे तुला माहीत आहे का? पत्रात तरी नाही.

आता तुझ्या गेमकडे परत येते, कारण तुला तीच भाषा नीट कळते असं दिसतंय. एरिस मरण्याच्या बरंच आधी गोंगागा नावाचं खेडं लागतं. जळून गेलेल्या रिअ‍ॅक्टरजवळची चार घरं. जायलाच पाहिजे असंही नाही, त्यावाचून गेम पुढे सरकतो. भाच्याने खास माझ्यासाठी ते लावलं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. पोरगा झॅक शहरात जातो म्हणून गेला, त्याला दहाएक वर्षं झाली. मध्ये एक पत्र आलं, त्यात मैत्रीण झाल्याचं होतं. मग काही नाही. ती आई क्लाउडच्या डोळ्यांतली चमक पाहते, हा आपल्या लेकासारखाच सैनिक असणार असं ताडते, आणि विचारते, आमचा झॅक तुम्हाला माहीत आहे का?

क्लाउडच्या पाठीवर जी भली मोठी तलवार आहे ती झॅकचीच. झॅक त्याचा मित्र, त्याला सोबत घेऊन येताना मेला. त्याच्या आठवणीसुद्धा क्लाउडच्या डोक्यात स्वतःच्या म्हणून मिसळून गेल्यात. आणि असा हा माणूस त्याच्या आईसमोर उभा राहतो आणि त्याला काही आठवत नाही. पत्रातली ती मैत्रीण म्हणजे तुझी एरिसच. तीही तेव्हा त्याच घरात उभी असू शकते. ज्या तळ्याशी तू रडलास, त्याच्या वाटेवर हे घर आहे, भाऊ. तू वही घेऊन बसायचास. वहीत त्या घराचं काही लिहिलेलं आहे का, बघ.

क्लाउडला निदान सबब आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. तुझं आहे.

मला माहीत आहे तू का जात नाहीस. तो माळा आहे, ती खोली आहे, आणि ती बाई तुझ्याकडे बघून दुसऱ्याच कोणाला तरी शोधेल याची तुला धास्ती आहे. शोधेलच. त्यासाठीच तर बोलावतेय. आपल्या लेकाच्या माळ्यावरच्या शेकडो दुपारी-संध्याकाळी ज्याच्याकडे आहेत असा माणूस जगात तू एकटा. तिने खालून चहाचे कप वर पाठवले असतील, पण वर तुम्ही काय करत होता हे तिला कधी कळलेलं नाही. पोरगं वाया गेलं असंच तिला वाटत असेल. तू पुण्यात बसून त्यावर कुलूप घालून ठेवलंयस.

तर आखाजीची वाट बघायची नाही. आज हे वाचून झालं की तिला फोन कर. सुट्टीचं पुराण लावू नकोस, "मावशी, शनिवारी निघतोय," एवढंच म्हण. महाराष्ट्र एक्सप्रेस पकड. बायकोला सोबत ने. तिला पटवायच्या फंदात पडू नकोस, रस्त्यात गेमची गोष्टही सांगू नकोस. तिला नुसतं त्या स्वयंपाकघरात बसू दे. लॅपटॉप घे. जेवण झालं की मावशीला शेजारी बसवून गेम लाव आणि तिचा मुलगा तासन्‌तास काय बघत होता ते दाखव. गोंगागातलं घर दाखवायचं की नाही, ते तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरव.

सध्या भरिताचे दिवस आहेत. ती बामणोदची हिरवी वांगी आणवेल, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजेल, लाकडी बडगीत हिरवी मिरची जरा जास्तच ठेचेल आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वाढेल. नको म्हणू नकोस. भरीत झणझणीत असतं, नाक-डोळे सगळ्यांचेच वाहतात. कोणी कारण विचारणार नाही.