निंदणाच्या विळ्याची मूठ

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ वर्षे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतात कपाशीचे निंदण ती आजही स्वतः करते. मात्र संध्याकाळपर्यंत तिच्या उजव्या हाताची बोटे आखडतात आणि विळा हातातून सुटू लागतो. घरातील सर्वजण हा वयाचाच परिणाम मानतात. विळ्याची मूठ बारीक व गुळगुळीत आहे. ती बदलल्याने फरक पडेल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, फरक पडेल, आणि आईंच्या वयाआधी तुम्ही मुठीकडे पाहिलेत याचे मला फार मोल वाटते. बारीक मूठ धरताना बोटे तळहातात पूर्ण मिटतात व अशा मिटलेल्या बोटांना जोर कमी लावता येतो. त्यात घामाने आणि ओल्या मातीने मूठ निसरडी झाली, की विळा सुटू नये म्हणून हात गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि दिवसभराची बरीचशी ताकद तण काढण्याऐवजी नुसता विळा धरून ठेवण्यातच जाते. तरुण हात हे सोसतो. सांधे दुखू लागलेल्या हाताला ते झेपत नाही.

मुठीची जाडी साधारण ३० ते ४० मिलिमीटर असावी. आईंनी मूठ धरल्यावर अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाला सहज टेकले, तर ते माप त्यांच्यासाठी योग्य समजावे. लांबीचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. आखूड मुठीचे टोक तळहातात रुतते, म्हणून ती तळहाताच्या रुंदीहून थोडी लांब, निदान १० ते १२ सेंटिमीटर ठेवावी आणि टोक गोल करून घ्यावे. गावातील वाढई बाभळीची अशी मूठ करून देईल. तिला गुळगुळीत रंग लावू नये. तोवर आहे त्याच मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळावी.

अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे भाजी सोलण्याचे साधन नीट धरवत नाही हे पाहिले आणि जाड, रबरी मुठीची साधने तयार करवून घेतली. १९९० मध्ये ती ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ या नावाने बाजारात आली आणि धडधाकट हातांनीही ती पसंत केली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना शासनाने चालना द्यावी, असे म्हटले आहे. निंदण बहुतांशी बायाच करतात, तरी बाजारात विळा घेताना त्यांच्या हाताचे माप कोणी विचारत नाही, याची मला खंत वाटते.

दोन ओळींमधील तणासाठी सायकल डवरा, म्हणजे उभ्याने ढकलायचे चाकाचे कोळपे, वापरला, तर आईंचे उकिडवे बसणे बरेच कमी होईल. त्याचा दांडा त्यांच्या कोपराच्या उंचीला येईल असा बसवून घ्यावा. झाडांच्या बुडाशी मात्र विळाच लागेल.

रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल, तर नव्या मुठीची वाट न पाहता आईंना डॉक्टरांकडे न्यावे.