राइडचा अपघात: सहीची चिंता नंतर, आधी दोन वर्षांची मुदत

बडोद्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. आनंदमेळ्यात ‘ब्रेक डान्स’ या गोल फिरणाऱ्या राइडच्या खुर्चीचा, माणसाला अडवून धरणारा दांडा चालू फेरीत उघडला, पत्नी बाहेर फेकली गेली, खांदा मोडला, प्लेट बसवावी लागली. राइडवाल्याने २५,००० रुपये देऊन ‘यापुढे काही मागणी नाही’ अशा कागदावर सही घेतली. पोलिसांनी गुन्हा न नोंदवता नुसती जाणवाजोग, म्हणजे माहितीपुरती, नोंद केली. अपघाताला बावीस महिने झाले. सही केल्यामुळे हक्क गेला का, आणि पोलिसांचे काही ठरेपर्यंत थांबावे का, असे ते विचारतात. मेळा आणि राइड बदलून हेच पत्र मला पुन्हा पुन्हा येते.

थांबू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे, आणि ही मुदत अपघातापासून मोजली जाते. पोलिसांकडे मारलेल्या खेपा, आयोजकांना लिहिलेली पत्रे, ‘साहेब गावाला गेलेत’ ही उत्तरे, यातल्या कशानेही ती वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही नाही. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि ‘पोलिस काही करतील असे वाटले’ हे कारण मी भरवशाचे धरणार नाही. बावीस महिने तुम्ही हातातला सर्वांत भक्कम उपाय न वापरता घालवलेत, हे मला स्पष्टच सांगितले पाहिजे. उरलेल्या दोन महिन्यांतला पहिला पंधरवडा तक्रारीचा.

तक्रार बडोद्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. राइडवाला परराज्यातला असला तरी तक्रारदार राहतो तिथे दाखल करण्याची मुभा कलम ३४ देते. भरपाई दहा लाखांची मागितली तरी आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) आणि शुल्क तुम्ही मोजलेल्या पैशावर, म्हणजे तिकिटावर ठरते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते.

आता जिथे बहुतेक प्रकरणे फसतात ती जागा. राइडवाला मेळा संपला की सांगाडा ट्रकवर चढवून पुढच्या गावी जातो. पत्ता मिळत नाही म्हणून लोक फक्त आयोजकावर तक्रार करतात आणि राइडमालकाला ‘नंतर जोडू’ म्हणतात. नंतर जोडलेल्याच्या बाबतीत मुदत सहसा तो जोडला गेला त्या दिवसावरून पाहतात, म्हणजे तो अलगद सुटतो. म्हणून राइडमालक, आयोजक आणि माहीत असल्यास विमा कंपनी, सगळ्यांची नावे पहिल्याच अर्जात घाला. पत्ता अपुरा असेल तर २५,०००च्या कागदावरचा किंवा पैसे ज्या खात्यातून आले त्यावरचा द्या.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, पण उत्तरासाठी तक्रार अडवू नका. तीस दिवस कायद्यातले, प्रत्यक्षात जास्त लागतात. पोलिस आयुक्तालयाकडून मेळ्याचा परवाना, यांत्रिक अभियंत्याचे तपासणी प्रमाणपत्र, विद्युत तपासणी आणि विमा पॉलिसी मागा. प्रमाणपत्रात तुमच्या राइडचे नाव आहे का आणि त्यावरची तारीख मेळा उभारल्यानंतरची आहे का, ते पाहा. यादीत पाच राइड आणि मैदानात सहा, असे असू शकते. दांड्याला दोन स्वतंत्र कुलपे हवीत: दात्यांची पकड आणि वर पिन किंवा पट्टा. दाते झिजले किंवा स्प्रिंग सैल झाली की पहिली पकड धक्क्याने सुटते, आणि दुसरी नसेल तर माणूस बाहेर. हे रोज फेऱ्यांआधी हाताने ओढून पाहायचे असते आणि वहीत लिहायचे असते. ती वही सादर करण्याचा आदेश आयोगाकडून मागा. चालू फेरीत दांडा उघडणे हाच निष्काळजीपणाचा सकृतदर्शनी पुरावा आहे. खुलासा करण्याचे ओझे राइडवाल्यावर पडावे.

सहीबद्दल: दबावाखाली किंवा अडचणीत घेतलेली ‘पूर्ण व अंतिम’ पावती दरवाजा बंद करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये विमा दाव्यांत म्हटले आहे. सही कुठे, कोणासमोर, शस्त्रक्रियेच्या आधी की नंतर झाली, हे शपथपत्रात लिहा. मिळालेले २५,००० लपवू नका, ते वजा होतील. तिकिटामागची ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसा’ छापाची ओळ मला फारशी गंभीर वाटत नाही. फक्त ‘अन्यायकारक करार रद्द करा’ ही मागणी जिल्हा आयोगात घालू नका. तो अधिकार राज्य आयोगाचा आहे.

हाड मोडणे ही गंभीर दुखापत ठरते. अपघात १ जुलै २०२४ चा किंवा त्यानंतरचा असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा नोंदवायला हवा होता. ठाण्याने नकार दिल्यास लेखी तक्रार पोलिस उपायुक्तांना, मग दंडाधिकाऱ्यांकडे. राजकोटच्या मे २०२४ च्या आगीनंतर राज्याने राइडचे नियम कडक केले, तरीही ठाण्यातून नुसती जाणवाजोग नोंद मिळते, याचा मला संताप येतो. पण हे काम दुसरे. तक्रार दाखल झाल्यावर करा.

कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, प्रत्यक्षात वर्षे जातात. तरी समोरच्याला उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या संविधान पीठाने २०२० मध्ये त्यापुढे सूट नाकारली आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी त्याने तारीख मागितली, तर लेखी आक्षेप नोंदवा.