दरवर्षी तेच पीक, तोच फवारा, म्हणून केना माजतो

प्रश्न: नमस्कार सर, मी हिंगोली जिल्ह्यातला. सोयाबीन आणि मागून हरभरा असं बरीच वर्षं चालू आहे. इमॅझेथापायर हे तणनाशक मारतो, बाकीचं गवत जातं पण केना हे तण मरत नाही, उलट दरवर्षी वाढतोय आणि सोयाबीनचा उतारा (उत्पादन) घटतोय. डोस डबल करू का?

उत्तर: दादा, डबल डोस अजिबात नको. ते औषध जमिनीत बरेच दिवस टिकतं, लगेच मागून ज्वारी किंवा मका घ्यायची म्हटली तर तिला दणका बसतो, आणि केना तरी कुठं मरणारे त्यानं.

पीक तेच, पेरणीची वेळ तीच, औषध तेच, म्हणजे केन्याशी भांडणारी बाकीची तणं तुम्हीच मारून त्याला रान मोकळं करून दिलंय. दोन-चार पानांवर असताना तो थोडाफार दबतो, पण नेमकी तेव्हाच झड लागते, पंप घेऊन शेतात जाता येत नाही आणि वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन कामाजोगी सुकेपर्यंत, तो वीतभर पसरलेला असतो.

एकदा केन्याचं झाड खुरप्यानं हळूच मुळासकट उकरून बघा. मातीच्या आत पांढरट बारीक फांद्या दिसतील आणि त्यांना जमिनीखालीच शेंगा लागलेल्या असतात! म्हणून वरून कापलं तरी बी खाली राहतंच. तुटलेले तुकडे ओल मिळाली की पेरापेराला मुळं फोडतात, त्यामुळं कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) ढगाळ वातावरणात नाही, ऊन पडल्यावरच चालवा, आणि उपटलेला केना धुऱ्यावर न टाकता जनावरांना घाला, आवडीनं खातात.

यंदा 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर लगेच तिफण (पेरणीचं अवजार) लावू नका, तण उगवू द्या, वखराची पाळी मारून ते काढा आणि मग पेरा, फक्त फार लांबवू नका. डीएपी खत फोकून देऊ नका हो, ओळींमधलं तणच ते आधी खातं, बियाण्याशेजारी पेरून द्या. दोन ओळी 45 सेंटीमीटरवर ठेवा आणि तुटाळ (बी न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरून काढा, पिकाची पानं लवकर एकमेकांना भिडली की खाली ऊन पोचत नाही. पेरणीनंतर साधारण 15 ते 45 दिवस हा काळ सगळ्यात नाजूक, तेव्हा खुरपणीला बाया मिळत नाहीत हे मला माहितीय, तरी पैसे तिथंच खर्च करा, नंतरची निंदणी बरीचशी वाया जाते.

एका तुकड्यात एक खरीप ज्वारी घेऊन बघा, तिच्यात अॅट्राझिन हे तणनाशक चालतं, ते वेगळ्या पद्धतीनं काम करतं. सोयाबीनमध्ये दुसरं औषध घ्यायचं तर लेबलवर केन्याचं नाव आहे का ते बघूनच, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, दुकानदार देईल ते उचलू नका.