एंडोस्कोपीत जठराचा तुकडा काढतात, त्यावरून अपचनाचं औषध ठरतं का?

ठरतं, पण तुकड्याचं पुढे काय केलं त्यावर ते अवलंबून. नुसता हेलिकोबॅक्टर पायलोरी (जठरात राहणारा, अपचन घडवू शकणारा जंतू) आहे की नाही एवढंच पाहायचं असेल, तर तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू युरियापासून अमोनिया बनवतो आणि जेल गुलाबी होतं. पण एवढ्यासाठीच एंडोस्कोपी करायची गरज नसते, श्वासाची किंवा शौचाची तपासणीही पुरते.

बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याचा, खरा उपयोग कल्चरमध्ये. जंतू वाढवून कोणतं अँटिबायोटिक त्याला मारतं ते पाहता येतं. क्लॅरिथ्रोमायसिन या नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आता बरेच आढळतात, त्यामुळे एक-दोन कोर्स फुकट गेले असतील तर अंदाजाने तिसरा देण्यापेक्षा हे बरं. मात्र हा जंतू भारी नखरेल, प्रयोगशाळेत सहज वाढत नाही. कल्चर निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीच, असं समजू नका.

आणखी एक, जे हमखास राहून जातं: पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर जंतू लपतो. डॉक्टरांना विचारून ती तपासणीआधी 2 आठवडे बंद ठेवा. अँटिबायोटिक झालं असेल तर 4 आठवडे थांबा.

जंतू गेला तरी काहींचं अपचन राहतंच, तेव्हा लगेच औषधाला दोष देऊ नका.