वाचकांचे प्रश्न : तो मनगट चावतो तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि दोन-चार शब्दच बोलता येतात. वयामुळे गेल्या वर्षी त्याची विशेष शाळा सुटली. तेव्हापासून तो घरीच असतो. गेले तीन महिने रोज दिवेलागणीच्या सुमारास तो मनगट चावतो, ताट भिरकावतो आणि आवरायला गेले की मला ओरबाडतो. नातेवाईक म्हणतात, एक वेळ उपाशी ठेवा, खोलीत कोंडा, आपोआप वळण लागेल. मी दोनदा कोंडलेही, पण त्याचे रडणे ऐकवेना. काय करावे? — एक आई, सातारा

उत्तर : इतर काही करण्याआधी त्याला दातांच्या डॉक्टरांना आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेली दाढ, ठणकणारा कान किंवा बद्धकोष्ठता यांनी हैराण झालेला, पण दुखणे सांगता न येणारा माणूस स्वतःला चावतो किंवा डोके आपटतो, हे आम्हा विशेष शिक्षकांना वारंवार पाहावे लागते. म्हणून तीन महिन्यांपूर्वी नसलेले वर्तन सुरू झाले की ही शंका प्रथम फेडून घ्यावी.

तपासणीत काही निघाले नाही, तर दोन आठवडे एक वही ठेवा आणि प्रत्येक प्रसंगी आधी काय घडले, त्याने नेमके काय केले व त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा कशातून त्याची सुटका झाली, ते लिहा. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असे लिहू नका; ‘कुकरची शिट्टी झाली, टीव्ही मोठ्याने चालू होता, मी ताट पुढे केले, त्याने मनगट चावले, मी ताट उचलले’ असे लिहा. शांतपणे पार पडलेली संध्याकाळही नोंदवा, कारण त्या दिवशी काय वेगळे होते यात पुष्कळदा उलगडा असतो. अशा नोंदींतून बहुधा चारांपैकी एखादे कारण पुढे येते : नकोशा गोष्टीतून सुटका, कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, किंवा शरीराला मिळणारी एखादी संवेदना. कधी दोन कारणे एकत्रही असतात.

कारण ओळखणे किती आवश्यक आहे, हे एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये चार मुलांच्या अभ्यासातून दाखवले. काम अवघड झाले की बिथरणाऱ्या मुलाला मदत मागायला शिकवले, तेव्हा त्याचे बिथरणे कमी झाले. त्यालाच शाबासकी मागण्याचे वाक्य शिकवून मात्र उपयोग झाला नाही. तुमच्या मुलाला आवाज आणि गडबड सोसत नाही असे वहीतून दिसले, तर ‘नको’ची खूण किंवा उठून जाण्याचे चित्र असलेले कार्ड त्याला शिकवा, आणि त्याने ते दाखवताच सुरुवातीला दर वेळी, लगेच, त्याला तिथून जाऊ द्या. चावण्यापेक्षा कार्ड दाखवणे सोपे आणि खात्रीचे आहे असा अनुभव आला, तरच तो ते वापरेल. स्वयंपाक आधी उरकणे आणि त्या वेळी टीव्ही बंद ठेवणे हे तर आजपासून करता येईल.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट मात्र शाळा सुटण्याची आहे. इतक्या वर्षांची सकाळची गाडी, ओळखीचे चेहरे आणि ठरलेली कामे एकदम गेली, आणि का गेली हे त्याला कोणी समजेल अशा रीतीने सांगितलेले नसावे. प्रौढ दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या जवळच्या कार्यशाळेत प्रवेशाची चौकशी करा. तोवर शेंगा सोलणे, कपडे वाळत घालणे, दूध आणणे अशी कामे चित्रांच्या तक्त्यावर लावा. कोणते काम आधी करायचे ते दोन चित्रे समोर धरून त्यालाच निवडू द्या. दिवस त्याचा आहे, म्हणून निवडही त्याची असावी.

उपाशी ठेवणे आणि कोंडणे कटाक्षाने टाळा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम ६ दिव्यांग व्यक्तीला क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण देते, तर कलम ९२ नुसार सांभाळ करणाऱ्याने जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे हा गुन्हा आहे. कोंडल्याने चावण्यामागचे कारण जात नाही, आणि तुमच्यावरचा त्याचा विश्वास तेवढा कमी होतो. त्या दोन प्रसंगांचे ओझे मात्र मनावर ठेवू नका. तुम्ही एकट्या पडला होतात.

प्रश्न : माझ्या मुलीला आरडाओरड्यासाठी औषध सुरू केल्यापासून ती दिवसभर पेंगते. शिक्षिका म्हणतात, चांगला फरक पडला. औषध थांबवावे का? — एक वडील, पुणे

उत्तर : स्वतःहून एकाएकी थांबवू नका, पण पेंगण्याला सुधारणाही समजू नका. हे औषध नेमके कशासाठी आहे, किती दिवस द्यायचे आणि मात्रा कमी करण्याचा विचार कधी करायचा, हे डॉक्टरांना विचारा. सोबत तिची झोप, भूक आणि वजन यांच्या नोंदी न्या, आणि ती पूर्वी आवडीने करत असलेल्या कोणत्या गोष्टी आता करत नाही, तेही लिहून न्या.