मॅक्सी की कोबी व्हाइट? : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एका ओळीत लिहून गेलो की एनबीएचं (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) २०२३-२४ चं मोस्ट इम्प्रूव्हड प्लेअर, म्हणजे सगळ्यात जास्त सुधारलेल्या खेळाडूचं अवॉर्ड शिकागोच्या कोबी व्हाइटऐवजी फिलाडेल्फियाच्या टायरीस मॅक्सीला मिळालं ते बरोबरच होतं. एवढ्यावरून इतके मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, म्हणून ह्या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : सर, कोबी व्हाइट एका वर्षात मॅचला सरासरी ९.७ पॉइंट्सवरून १९.१ वर गेला म्हणजे जवळजवळ डबल. मॅक्सी २०.३ वरून २५.९. आता ह्यात कोण जास्त सुधारला हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मग अवॉर्ड मॅक्सीला कसं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आकडे बरोबर आहेत तुमचे, पण मिनिटं कुठायत त्यात? २०२२-२३ ला व्हाइट बेंचवरून यायचा आणि मॅचला सरासरी २३.४ मिनिटं खेळायचा, पुढच्या सीझनला तो ३६.५ मिनिटं खेळला. तेरा मिनिटं जास्त! आणि ती मिळाली कशी, तर शिकागोचा लॉन्झो बॉल गुडघ्यामुळे अख्खा सीझन बाहेर, झॅक लव्हीन पायाच्या दुखण्यामुळे २५ मॅच खेळून बसला, मग बॉल हातात घेऊन खेळवणार कोण, व्हाइटच ना. त्यात त्याचा काही दोष नाही, मिळालेल्या संधीचं त्याने सोनं केलं हेही खरं, पण संधी वाढणं वेगळं आणि खेळ वाढणं वेगळं, आणि तुमच्या त्या 'डबल'मध्ये दोन्ही एकत्र मोजलंय.

म्हणून लोक ३६ मिनिटांचा हिशोब लावतात. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, चांगला स्टार्टर (सुरुवातीच्या पाचांतला खेळाडू) साधारण ३६ खेळतो, तर तेवढ्या वेळात कोण किती करतो ते बघायचं. व्हाइट १४.९ वरून १८.८ वर आला, मॅक्सी २१.८ वरून २४.९ वर. झालं का, डबलचं काय उरलं तर ३.९ विरुद्ध ३.१. व्हाइट अजूनही पुढेच आहे पण थोडासा, आणि तेही फक्त पॉइंट्समध्ये.

आता असिस्ट घ्या, म्हणजे ज्या पासवर टीममेटने बास्केट मारली ते पास. त्याच हिशोबाने व्हाइट ४.३ वरून ५ वर, आणि मॅक्सी ३.८ वरून ६ वर. इथे खरी गोष्ट आहे. सीझन सुरू झाल्या झाल्या फिलाडेल्फियाच्या जेम्स हार्डनचा क्लिपर्स ह्या दुसऱ्या टीमला ट्रेड झाला आणि तोपर्यंत हार्डनच्या बाजूला पळून शॉट मारणारा हा पोरगा एकदम टीमचा मेन पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन टीम खेळवणारा झाला, म्हणजे काम वाढलं नाही, कामच बदललं. आणि एवढा वेळ बॉल हातात असूनही टर्नओव्हर (बॉल समोरच्या टीमला गमावणं) किती वाढले तर मॅचला १.३ चे १.७. पहिल्यांदा टीम चालवणाऱ्या गार्डसाठी हे जवळजवळ अविश्वसनीय आहे, मला तर त्या सीझनमधला सगळ्यात आवडता आकडा तोच वाटतो, त्या नोव्हेंबरात इंडियानाविरुद्ध मारलेल्या ५० पॉइंट्सपेक्षाही.

वर फिलाडेल्फियाचा सगळ्यात मोठा स्टार एम्बीड ३९ च मॅच खेळला. तो असताना टीम ३१ जिंकली ८ हरली, तो नसताना १६ जिंकली २७ हरली. हे मॅक्सीच्या विरोधात वापरणारे वाचकही आहेत (कराडहून एकांनी तर तीन पानं लिहून पाठवलीत), की बघा एकट्याच्या जिवावर काय झालं. अहो पण एम्बीड नसेल तर समोरच्या टीमचे पाचही जण एकाच माणसावर लक्ष ठेवून असतात की.

आता व्हाइटच्या बाजूने जे खरंच बोलायला पाहिजे ते तुम्ही बोललाच नाहीत, म्हणून मीच बोलतो. मॅक्सीचा नेम घसरला. थ्री पॉइंटर (लांबून मारलेला तीन पॉइंट्सचा शॉट) ४३.४ टक्क्यांवरून ३७.३, एकूण शूटिंग ४८.१ वरून ४५. व्हाइटचा नेम मात्र एवढे शॉट वाढूनही तिथेच राहिला, उलट केसभर वर गेला, थ्रीमध्ये ३७.२ चे ३७.६. शॉट वाढले की नेम पडतो हा जवळजवळ नियमच आहे आणि व्हाइटने तो मोडला. ह्या मुद्द्यावर कोणी त्याला मत दिलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. त्या वर्षी ९९ पत्रकारांनी मतं दिली, पहिल्या नंबरला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ असे पॉइंट असतात, आणि निकाल होता ३१९ विरुद्ध ३०५. म्हणजे मॅक्सीला पहिला आणि व्हाइटला दुसरा नंबर देणाऱ्या फक्त चार जणांनी नावं उलटी लिहिली असती तर आज मॅक्सीचे फॅन्स मला मेसेज करत असते. माझं मत मात्र मॅक्सीलाच, कारण आदल्या वर्षी जे त्याला येत नव्हतं ते तो ह्या वर्षी रोज करत होता. व्हाइट जे करत होता तेच जास्त वेळ आणि थोडं जास्त चांगलं करत होता.

आणि हो, अटलांटाविरुद्ध प्ले-इनमध्ये (रेग्युलर सीझन संपल्यावरच्या पात्रतेच्या मॅचमध्ये) व्हाइटने ४२ मारले ते धरायचे नाहीत, मतं फक्त रेग्युलर सीझनवर असतात.

प्रश्न : मेम्फिसच्या जा मोरँटला २०२२ मध्ये हेच अवॉर्ड दिलं, तो तर आधीपासून स्टार होता. हा विनोद नव्हता का? (पुणे)

उत्तर : थोडाफार होताच. १९.१ पॉइंट्सवरून २७.४ ही उडी मोठीच आहे, पण ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात) दुसऱ्या नंबरला घेतलेला पोरगा तिसऱ्या वर्षी स्टार होणार नाही तर कधी होणार, त्यासाठीच तर त्याला घेतलं होतं. खुद्द मोरँटलाही तसंच वाटलं असावं, त्याने ट्रॉफी उचलून टीममेट डेझमंड बेनला देऊन टाकली, जो त्या वर्षी ९.२ वरून १८.२ वर गेला होता. अजून एक गंमत, मोरँट त्या सीझनला ५७ च मॅच खेळला होता. २०२३-२४ पासून ह्या अवॉर्डसाठी निदान ६५ मॅच खेळण्याची अट आली, ती तेव्हा असती तर तो शर्यतीतच नसता. ह्याच अटीने पुढे अटलांटाच्या जेलन जॉन्सनला बाहेर बसवलं, तो ५.६ वरून १६ वर गेला होता पण मॅच भरल्या ५६.

प्रश्न : डायसन डॅनियल्स, १४ पॉइंट्सचा प्लेअर, तो २०२५ चा मोस्ट इम्प्रूव्हड? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पॉइंट्स सोडा हो जरा. त्याने २२९ स्टील केल्या, म्हणजे समोरच्याकडून बॉल काढून घेतला, मॅचला ३. मॅचला ३ ची सरासरी त्याआधी शेवटची कोणी काढली होती माहितीये? ॲल्विन रॉबर्टसनने, १९९०-९१ ला. आणि योगायोग असा की १९८५-८६ ला हे अवॉर्ड सुरू झालं तेव्हा पहिलं मिळालं तेही ह्याच रॉबर्टसनला, त्याच वर्षी डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयरही तोच. म्हणजे हे अवॉर्ड पहिल्या दिवसापासून फक्त बास्केट मारणाऱ्यांचं नाहीये.

मिनिटांची शंका तुम्ही काढणारच, तर तीही बघू. आदल्या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये २२.३, ह्या वर्षी अटलांटात ३३.८, वाढली भरपूर. पण ३६ मिनिटांच्या हिशोबातही स्टील २.३ च्या ३.२ झाल्या आणि पॉइंट्स ९.४ चे १५. व्हाइटच्या ३.९ शी ताडून बघा, सांगलीकरांनी पण बघा.

प्रश्न : २०१९ ला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि किंग्जच्या मॅचला गेलो होतो, खास व्हिक्टर ओलाडिपोला बघायला, पण तो जखमी असल्यामुळे खेळलाच नाही. त्याचं २०१८ चं मोस्ट इम्प्रूव्हड अवॉर्ड तुमच्या ह्या मिनिटांच्या गाळणीतून जातं का? (मुंबई)

उत्तर : सगळ्यात स्वच्छ तेच जातं! २०१६-१७ ला ओक्लाहोमात ३३.२ मिनिटं, पुढच्या वर्षी इंडियानात ३४. मिनिटं जवळपास तेवढीच, आणि पॉइंट्स १५.९ चे २३.१, शूटिंग ४४.२ वरून ४७.७ टक्के, वर लीगमध्ये सगळ्यात जास्त स्टीलची सरासरी. ओक्लाहोमात बॉल कायम टीममेट वेस्टब्रुकच्या हातात असायचा, त्या वर्षी त्याच्या ४२ ट्रिपल डबल (एकाच मॅचमध्ये तीन गोष्टींत दहा किंवा जास्त) झाल्या होत्या, ओलाडिपो बिचारा कोपऱ्यात उभा. इंडियानात बॉल त्याच्या हातात आला आणि तो त्या उन्हाळ्यात शरीर कमावूनही आला होता. ट्रेड झाला तेव्हा स्टार पॉल जॉर्जला देऊन हे काय आणलं म्हणून इंडियानाला लोक हसले होते, सोबत सबोनिस हा आणखी एक चांगला प्लेअरही आला होता हे तर कोणी मोजलंच नाही.

आणि ह्याच्या उलटं टोक बघायचं असेल तर २०१६ चा सीजे मॅकॉलम. ६.८ वरून २०.८, काय उडी आहे! पण मिनिटं १५.७ ची ३४.८ झाली होती कारण पोर्टलंडचे पाचपैकी चार स्टार्टर एकाच उन्हाळ्यात टीम सोडून गेले. ३६ मिनिटांना धरलं तर १५.६ चे २१.५. चांगलंच आहे, पण चौदा नाही, सहा.

प्रश्न : एमव्हीपीलाच (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) मोस्ट इम्प्रूव्हड का देत नाहीत? (नाशिक)

उत्तर : नियम आडवा येत नाही, पत्रकारांचं मन आडवं येतं. २०१५-१६ ला स्टेफ करी आधीच एमव्हीपी असताना २३.८ वरून ३०.१ वर गेला, त्याला ह्याही अवॉर्डची मतं पडली, पण जिंकला मॅकॉलम. माझं विचाराल तर वरच्या पायऱ्या जास्त उंच असतात, २४ चे ३० करणं हे ७ चे २० करण्यापेक्षा अवघड आहे. २०२३ ला शाय गिल्जस-अलेक्झांडर २४.५ वरून ३१.४ वर गेला तरी मतं लॉरी मार्कानेनकडे गेली. तिथे मात्र मला तक्रार नाही, यूटाला गेल्यावर १४.८ चे २५.६ आणि मिनिटं साडेतीनच वाढली होती.

प्रश्न : आमच्या क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात 'सर्वाधिक सुधारलेला खेळाडू' असं बक्षीस द्यायचंय. आमच्याकडे फक्त स्कोअरशीट आहेत. कसं ठरवू? (एक कोच, कोल्हापूर)

उत्तर : स्कोअरशीटवर पॉइंट्स आणि फाउल मिळतील, मिनिटं मिळणार नाहीत, त्यामुळे वरचं सगळं तुम्हाला तसंच्या तसं लागू होत नाही, शिवाय आपली मॅच ४० मिनिटांची. पुढच्या सीझनपासून बेंचवरच्या एखाद्या पोराला वही देऊन कोण कधी आत गेला कधी बाहेर आला एवढंच लिहायला सांगा. ह्या वर्षापुरतं फ्री थ्रोवर ठरवा, तुमच्या शीटवर कोणाला किती मिळाले आणि किती गेले हे लिहिलेलं असेल तर, कारण फ्री थ्रोला समोर डिफेंडर नसतो, टीममेट कोण आहे ह्याने फरक पडत नाही, सुधारणा झाली असेल तर ती त्या पोराचीच. फक्त दोन्ही वर्षी निदान पन्नासेक फ्री थ्रो मारलेलेच धरा, नाहीतर सहापैकी पाच टाकणारा एखादा बक्षीस घेऊन जाईल आणि त्याचे पालक सोडून सगळे पालक तुमच्याशी भांडायला येतील.