सगळ्यांचं जमून रायलं, माझंच काऊन नाही?

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्याकडे तिथ्या निघायला लागतात, साक्षगंधाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात आणि त्याच सुमारास माझ्याकडे एक ठराविक वाक्य घेऊन माणसं यायला लागतात. शब्द थोडे इकडचे तिकडे. "मॅडम, सगळ्याईचं जमून रायलं, माझंच काऊन नाही?" कधी कृषी केंद्रात बिलं फाडणारा पोरगा असतो, कधी पतसंस्थेतली क्लार्क पोरगी, कधी घरची कोरडवाहू शेती करणारा पदवीधर. मी समुपदेशक आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसते. व्यसन, घरातली भांडणं, कर्जाचं टेन्शन सगळंच येतं माझ्याकडे, पण हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की आता एकदा नीट लिहूनच टाकावं असं वाटलं. गोष्ट एकीची म्हणून सांगते, पण तिच्यात तीन-चार जणींच्या गोष्टी मिसळल्या आहेत, नाव-गाव बदललं आहे आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.

तिला प्रणाली म्हणू. वय तीस. बीएस्सी नर्सिंग झालेली, एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, कंत्राटी. माहेर पुसदकडचं, नोकरी तिथून लांब, म्हणून नोकरीच्याच गावात खोली भाड्यानं घेऊन एकटी राहते. दिवसभर बीपी-शुगरची तपासणी, गरोदर बाया, म्हातारे लोकं, मग संध्याकाळी नेटवर्क असलं तर पोर्टलवर एंट्र्या आणि नसलं तर गच्चीवर जाऊन एंट्र्या. गावात सगळे तिला मॅडम म्हणतात, मान देतात, पण मॅडम झालेल्या पोरीला त्या गावात मैत्रीण मिळत नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

लग्नासाठी तिनं प्रयत्न केले नाहीत असं अजिबात नव्हतं. परिचय मेळाव्यात स्टेजवर उभं राहून माईकवर शिक्षण, पगार, अपेक्षा सगळं सांगून झालं होतं, पुस्तिकेत फोटो छापून आला होता आणि त्यातल्या नंबरवर नको त्या लोकांचे गुड मॉर्निंग अजून येत होते. डेटिंगचं ॲप टाकून पाहिलं तर जवळचे म्हणून जे चेहरे दिसले त्यात एक गावातल्याच दुकानदाराचा पुतण्या निघाला, तिनं घाबरून त्याच रात्री ॲप काढून टाकलं. मग लग्नाच्या साइटवर अमरावतीचा एक इंजिनिअर भेटला, दोन महिने रोज रात्री बोलणं, यवतमाळला दोनदा भेट, दुसऱ्या भेटीत तो म्हणाला घरी बोलतो. आणि त्यानंतर फक्त निळ्या टिका. मेसेज वाचतो, उत्तर नाही.

ती आली तेव्हा झोप उडाली होती. रात्री दोन-दोन वाजता त्याचं लास्ट सीन बघायची, सकाळी उपकेंद्रात डोकं जड, रिपोर्ट मागे पडले आणि वरून बोलणी खावी लागली. आई फोनवर पहिलंच वाक्य म्हणायची, शेजारच्या पोरीला दुसरं लेकरू झालं. नर्सिंगच्या मैत्रिणींचा ग्रुप तिनं म्यूट करून टाकला होता.

"ताई, त्यानं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्यात का खोट हाय ते तरी सांगायचं होतं."

"त्यानं खोट आहे असं म्हटलं?"

"म्हनाले कायले पायजे? समजते ना."

या "समजते ना"पाशी मी नेहमी थांबते, कारण बहुतेक त्रास तिथंच असतो. घडलेली गोष्ट एवढीच होती की एका माणसानं उत्तर दिलं नाही. का दिलं नाही हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. घरच्यांनी दुसरीकडे पाहिलं असेल, कंत्राटी नोकरी नको म्हटलं असेल, किंवा तोच तोंड उघडून नाही म्हणायला घाबरला असेल. पण प्रणालीनं रिकाम्या जागेत स्वतःच उत्तर लिहून टाकलं होतं आणि ते उत्तर होतं, मी कमी आहे.

माझा पिंड अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर पोसलेला आहे. मराठीत हे विचार मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांनी आणले आणि त्यांच्यामुळेच माझ्यासारख्या तालुक्यात काम करणाऱ्यांपर्यंत ते पोचले याचा मला फार अभिमान वाटतो. तर प्रणालीला मी एलिसची त्यानं स्वतःच सांगून ठेवलेली गोष्ट सांगितली. १९३३ साल, तो १९ वर्षांचा, पोरींशी बोलायची इतकी भीती की तोंडातून शब्द फुटत नसे. त्यानं ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. अशा १३० जणींजवळ तो बसला. ३० जणी उठून निघून गेल्या. १०० जणींशी गप्पा झाल्या, झाडांच्या, पुस्तकांच्या. त्यातली एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही.

प्रणालीनं डोळे मोठे केले. "अन् मंग?"

"मग काही नाही. त्याच्या लक्षात आलं की कोणी ओरडलं नाही, कोणी पोलीस बोलावले नाही आणि तो होता तसाच आहे. भीती गेली."

"लाज नाही वाटली त्याले?"

"वाटली असेल. पण मला सांग, इतक्या नकारांनंतर तो पोरगा खराब ठरला का?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचं नाही ठरत. माझं ठरते असं वाटते."

(इथं एक गोष्ट स्पष्ट करते कारण पोरंही हे वाचतील. या गोष्टीचा अर्थ अनोळखी पोरीच्या मागे लागा असा नाही. आपल्याकडे एसटीत, स्टँडवर पोरींना काय सहन करावं लागतं ते मला रोज ऐकू येतं. समोरच्यानं तोंड फिरवलं की विषय संपला.)

तर दुसऱ्याला जो न्याय ती लावत होती तो स्वतःला लावत नव्हती, एवढं तिला दिसलं. पण दिसणं आणि आतून हलणं यात बरंच अंतर असतं. पुढच्या काही भेटी आम्ही तिथंच फिरत राहिलो. ती हुशार, मी म्हणेन ते तिला पटायचं, आणि रात्री पुन्हा लास्ट सीन. नुसतं पटवून देण्याने काम होत नाही हे मला अनुभवानं माहीत आहे, माणसाच्या रोजच्या जगण्यात हात घालावा लागतो.

म्हणून एक दिवस मी त्या मुलाचा विषयच काढला नाही. विचारलं, "समज तुझं लग्न झालं. पहिला रविवार. सकाळपासून सांग मला, काय काय करशील?"

आधी लाजली. मग सांगायला लागली आणि सांगतच सुटली. सकाळी स्वतःच्या हातचा चहा, दोन कप. वांग्याची भाजी आणि रोडगे करायचे. खिडकीला पडदे. झोपायला दिवाण. आईचे डोळे दाखवायला सेवाग्रामला न्यायचं आहे, कोणी सोबत असलं की नेईन. चिखलदरा अजून पाहिला नाही. संध्याकाळी कोणाला तरी सांगायचं की आज एका बाईचं बीपी किती वाढलं होतं आणि मी वेळेवर रेफर केलं.

मी विचारलं, "आत्ता खोलीत झोपतेस कशावर?"

"खाली. गादी हाय."

"आणि चहा?"

"खाली टपरीवर. डबा लावला हाय जेवनाचा. गॅस नाही घेतला."

"किती वर्षं झाली त्या खोलीत?"

"चौथं लागलं." आणि मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "लग्न झालं का घेऊ म्हटलं सामान. दोनदा कायले घ्यायचं."

मग ती गप्प झाली. मी पण काही बोलले नाही. समुपदेशनात अशी वेळ येते तेव्हा मोह होतो काहीतरी शहाणपणाचं बोलायचा, तो आवरावा लागतो. खालच्या मेडिकलमधून गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती आणि मग अगदी हळू म्हणाली, "ताई, मंग हे चार वर्षं मी कुठं राहून रायली?"

रडली खूप. तो इंजिनिअर त्या रडण्यात कुठंच नव्हता. मला त्या दिवशी जे कळलं ते मी तेव्हापासून प्रत्येकासोबत वापरते आणि खात्रीनं सांगते की ते लागू पडतं. प्रणालीला नवरा पाहिजे होता हे खरंच, त्यात चूक काही नाही. पण नवरा येईपर्यंत तिनं चहा, पलंग, आईचा दवाखाना, फिरणं, मैत्री, कामाचं कौतुक सगळं थांबवून ठेवलं होतं आणि मग जो कोणी पहिल्यांदा भेटायला येईल त्याच्या मानेवर ही भरलेली बैलबंडी ठेवायची, म्हणजे तो दुसऱ्या भेटीतच बिचकणार नाही तर काय होईल? आणि तो गेला की एक माणूस गेला असं वाटत नाही, पुढचा सगळा जन्म गेला असं वाटतं. दुःख इतकं मोठं का, याचं उत्तर हे आहे.

मग आम्ही तिच्या त्या रविवारच्या एकेका गोष्टीला विचारलं, याच्यासाठी नवराच लागतो का? बऱ्याच गोष्टींना लागत नव्हता. जवळीक, स्पर्श, आपलं असं कोणीतरी, लेकरू, याला मात्र तिनं हो म्हटलं आणि मीही त्याला हो म्हटलं. ती भूक खरी आहे, एकटं राहून सुखी रहा असं सांगून ती झाकता येत नाही, आणि असं सांगणाऱ्या लोकांचा मला रागच येतो.

बाकीचं तिनं सुरू केलं. गॅस घेतला, दिवाण घेतला. आईला सेवाग्रामला घेऊन गेली, मोतीबिंदू निघाला. उपकेंद्रातल्या सिस्टरला आणि आशाताईला एका रविवारी रोडगे खायला बोलावलं, त्यांना आधी मॅडमच्या घरी जायला संकोच वाटला, मग इतक्या रमल्या की संध्याकाळ झाली. सगळ्यात कठीण गेलं मैत्रिणीला फोन करणं. तिला वाटायचं लग्न झाल्यावर मैत्रिणी बदलल्या. फोन केला तर मैत्रीण म्हणाली तूच उचलत नव्हती, अन् इथं सासरी मले तरी बोलाले कोण हाय.

आता हा प्रश्न घेऊन बसलेल्या सगळ्यांना, पोरांनाही, काही गोष्टी सांगते. पोरांची अवस्था तर जास्त अवघड आहे, शेती आहे म्हटलं की समोरून फोन ठेवतात, शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा नसणं हे त्याचं कारण आहे हे सगळ्यांना माहीत असतं तरी नकार मात्र त्या पोराच्या छातीवर बसतो. तुला नाकारलं नाही, त्या बेभरवशाला नाकारलं, हे स्वतःला मोठ्यानं सांगा, आणि गावातल्या पारावर बसून सगळ्या पोरींना नावं ठेवणं बंद करा, त्यानं मन आणखी कडू होतं.

चॅटिंग महिनोन्‌महिने लांबवू नका. दोन-तीन आठवडे बोलून बरं वाटलं तर भेटा, दिवसा, माणसांच्या जागी, आणि कोणत्या गावी कोणाला भेटायला चाललो हे एका विश्वासाच्या माणसाला सांगून जा. घरच्यांना माहीत आहे का, माझी नोकरी चालेल का, राहायचं कुठं, देण्याघेण्याचं काय, हे प्रश्न लवकर विचारा. हुंडा मागणं आणि देणं दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे, तरी बैठकीत कसं गोड बोलून मागतात ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. जातीबाहेर जमलं आणि नोंदणी लग्न करायचं ठरलं तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस असते, हे आधीच माहीत असू द्या, ऐनवेळी धावपळ होते. न भेटलेला माणूस पैसे मागायला लागला, ऑपरेशन, कस्टम, काहीही कारण असो, तर द्यायचे नाहीत, आणि दिले गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

उत्तर आलं नाही तर एक मेसेज करा, नसेल जमत तर सांगून टाका, मी थांबणार नाही. प्रणालीनं तोच केला आणि मग नंबर काढून टाकला. त्या रात्री झोप लागली असं काही झालं नाही, दोन-चार दिवसांनी लागली. झोप आठवडे येतच नसेल, जेवण जात नसेल, मरणाचे विचार येत असतील तर मात्र लेख वाचून थांबू नका, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि आईबापांना हात जोडून विनंती आहे, फोन केला की पहिलं वाक्य स्थळाचं नको. जेवली का विचारा, ड्युटी कशी झाली विचारा. प्रणालीनं आईला सांगितलं, आई, आठवड्यातून एकदाच विचारत जा, रविवारी. आई आधी रुसली, मग पाळायला लागली, आणि आता बाकीचे सहा दिवस दोघी पऱ्हाटी, म्हैस, मावशीचं गुडघेदुखीचं असं कायकाय बोलतात.

तिचं लग्न जमलं का, हे मला सगळेच विचारतात. नाही अजून. दोन स्थळं तिनं स्वतः नाही म्हटली, एकाला देण्याघेण्यावरून आणि दुसऱ्याला नोकरी सोड म्हटलं म्हणून. तिसरा तिला आवडला होता, दर्यापूरकडचा शिक्षक, भेटी छान झाल्या आणि मग त्यानं फोन करून सरळ सांगितलं की नाही जमणार. संध्याकाळी तिचा मला मेसेज आला, "ताई, नाही म्हटलं त्यानं. लय वाईट वाटून रायलं. पन आज सिस्टर जेवाले येनार हाय, भाजी टाकतो आधी, मंग रडीन."